झोपेची दुरुस्ती सकाळी सुरू होते

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास यंत्रणेला स्पष्ट शब्दांत बजावले की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि रात्रभर जागवून जबाब नोंदवणे योग्य नाही. चौकशीला बोलावलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब मध्यरात्र उलटून गेल्यावरही नोंदवला जात होता. त्याआधी २०१२ मध्ये रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोपेचा संबंध राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्काशी जोडलाच होता.

हक्क मान्य झाला, पण असंख्य घरांतला प्रश्न वेगळा आहे. तिथे कुणी जागवत नसते. अंथरूण घातलेले असते, दिवा मालवलेला असतो, आणि तरी साडेदहाला आडवा झालेला माणूस साडेबारापर्यंत कूस बदलत राहतो. दुसरा पटकन झोपतो आणि पहाटे तीनला टक्क जागा होतो. अशांना सल्ले भरपूर मिळतात: जायफळ घातलेले दूध, तळपायाला तेल, अश्वगंधा, मेलाटोनिनच्या गोळ्या. हे सारे सल्ले झोपण्याआधीच्या अर्ध्या तासाचे असतात. झोप मात्र त्याआधीच्या पंधरा-सोळा तासांत घडत आलेली असते. म्हणून बिघडलेल्या झोपेवरचे काम सकाळी उठण्याच्या वेळेपासून सुरू करावे लागते. ते का, आणि नेमके कसे, ते पाहू.

टाकी आणि व्हॉल्व्ह

नळाला ठरावीक वेळीच पाणी येते अशा गावात राहणाऱ्याला झोपेचे गणित चटकन कळेल. पाणी यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. भागातली टाकी भरलेली हवी आणि पालिकेच्या माणसाने व्हॉल्व्ह उघडलेला हवा. टाकी भरली पण व्हॉल्व्ह बंद, तर नळ कोरडा. व्हॉल्व्ह उघडा पण टाकीत पाणी नाही, तर नुसती करंगळीएवढी धार.

झोपेची टाकी आपण जागे असताना भरते. मेंदूच्या पेशी काम करताना ऊर्जा वापरतात आणि त्यातून अॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. जितका वेळ जागे, तितका साठा जास्त आणि तितकी झोपेची ओढ जास्त. झोपेत हा साठा उपसला जातो. रात्रीच्या पहिल्या तीन-चार तासांत गाढ झोपेचे प्रमाण सर्वाधिक असते, कारण तेव्हा टाकी काठोकाठ असते.

व्हॉल्व्हचे काम शरीराचे घड्याळ करते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वरच्या बाजूला, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तापमान, संप्रेरके, भूक, झोप या सगळ्यांच्या वेळा तो ठरवतो. पेशीच्या आत हे घड्याळ कसे चालते, याच्या शोधासाठी २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. बहुतेकांचे हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित मागे पडणारे असते, म्हणून ते रोज लावून घ्यावे लागते. लावते कोण? डोळ्यांवर पडणारा उजेड. संध्याकाळी अंधारले की झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी साधारण दोन तास मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. ‘रात्र झाली’ असा निरोप ते शरीरभर पोचवते. निरोपापलीकडे त्याच्याकडून गुंगीच्या औषधाची अपेक्षा करू नये.

टाकी आणि घड्याळ या दोहोंना एकत्र मांडण्याचे काम अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये केले आणि झोपेच्या बहुतेक तक्रारी आजही याच मांडणीतून उलगडतात.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीराचे घड्याळ जागेपणाचा जोर सर्वात जास्त लावते. दिवसभराचा साठा वाढत असूनही आपण संध्याकाळी तरतरीत राहतो ते त्यामुळेच. आता काल रात्री नीट झोप झाली नाही म्हणून आज नऊलाच अंथरुणात शिरणाऱ्याचे काय होते पाहा. तो नेमका त्या तरतरीच्या वेळेत आडवा होतो. झोप येत नाही, मन घाबरते, आणि जी रात्र साधी गेली असती ती वाया जाते.

उठण्याची वेळ एकच, रविवारीसुद्धा

झोप लागण्याची वेळ आपल्या हातात नसते. उठण्याची वेळ असते. म्हणून खुंटी तिथे ठोकायची. सोमवारी ते शुक्रवारी सहाला उठणारा माणूस रविवारी नऊला उठला, तर दोन गोष्टी बिघडतात. टाकी भरायला तीन तास उशिरा सुरुवात होते, आणि सकाळचा पहिला उजेड उशिरा मिळाल्याने घड्याळही मागे सरकते. मग रविवारी रात्री अकराला झोप येत नाही यात नवल नाही. शरीराच्या हिशोबाने अजून वेळच झालेली नसते. सुटीच्या दिवशी तासाभराची सूट चालते, त्याहून जास्त नको. रात्र वाईट गेली तरी सकाळची वेळ तीच ठेवायची. हे कठीण आहे, पण एक वाईट रात्र पुढच्या रात्रीची टाकी भरून देते, आणि उशिरापर्यंत लोळून ती भरपाई आपण स्वतःच घालवतो.

उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटे उघड्यावर जायचे. घरात दिवे लावून भागेल असे वाटते, पण आकडे पाहा. उजेड लक्समध्ये मोजतात. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ सकाळी तो काही हजारांत जातो आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. आषाढातल्या कुंद सकाळीसुद्धा गच्चीवर घरातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही इतकेच. सूर्याकडे पाहायचे नाही. नुसते चालणे, झाडांना पाणी घालणे, बसथांब्यापर्यंत पायी जाणे पुरते. गॅलरीत उभे राहून चहा घेतला तरी चालेल, पण बंद काचेच्या आत बसून तितका लाभ होत नाही.

मग पहाटे चारला उठणेच उत्तम का? नवाला गाढ झोपणाऱ्याला चार ठीक आहे. साडेअकराला झोपणाऱ्याने चारचा गजर लावणे म्हणजे स्वतःची झोप कापणे. पहाटेचा पक्षी की रात्रीचा, हे बऱ्याच अंशी जन्मजात असते आणि वयानुसारही बदलते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे घड्याळ वयामुळेच मागे सरकलेले असते. ती आळशी नसतात.

वामकुक्षी किती वेळ?

दुपारी जेवणानंतर येणारी पेंग खरी आहे. जेवण न करताही ती येते, कारण शरीराच्या घड्याळात त्या वेळी छोटा उतार असतो. तीनच्या आत वीस मिनिटे पडल्याने बहुतेकांची रात्र बिघडत नाही. गजर मात्र हवा. अर्धा तास ओलांडला की माणूस गाढ झोपेत शिरतो आणि तिथून उठला की डोके जड राहते. संध्याकाळी कामावरून आल्यावर सोफ्यावर लागलेली डुलकी सर्वात घातक, कारण ती नेमकी रात्रीसाठी भरलेल्या टाकीतून पाणी काढते. आणि ज्याला रात्री झोप न येण्याची तक्रार आहे, त्याने निदान महिनाभर वामकुक्षी पूर्ण सोडावी.

चहा, उशिराचे जेवण आणि दारू

कॅफिन झोपेची टाकी रिकामी करत नाही. टाकीची पातळी दाखवणारा काटा ते अडकवून ठेवते. अॅडेनोसिन मेंदूत ज्या जागी चिकटते त्या जागा कॅफिन अडवते, त्यामुळे साठा असूनही जाणवत नाही. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मे शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या एका कॉफीत १०० मिलिग्रॅम कॅफिन असेल, तर रात्री अकराला त्यातले ५० उरलेले असते, म्हणजे झोपण्याआधी एक कप कडक चहा घेतल्यासारखेच. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हा काळ आणखी लांबतो. घरच्या दुधाच्या चहात कपाला साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी बंद, हा प्रयोग दोन आठवडे करून पाहावा. “मी रात्री चहा पिऊनही झोपतो” असे सांगणारे पुष्कळ असतात. ते झोपतात हे खरे, पण त्यांच्या गाढ झोपेचे प्रमाण घटते आणि सकाळी उठल्यावर लगेच चहा लागतो. त्या दोन गोष्टींची सांगड ते घालत नाहीत.

आपल्याकडे जेवणाची वेळ हा मोठा अडथळा आहे. दहाला जेवून अकराला आडवे झाले की जठरातले आम्ल वर येते, छातीत जळजळते आणि झोप चाळवते. झोपण्याआधी अडीच-तीन तास जेवण उरकणे उत्तम. मुंबईची लोकल धरून नऊला घरी पोचणाऱ्याला ते जमणार नाही, हे मान्य. त्याने उलटा क्रम लावावा: संध्याकाळी सहा-सातला डब्यातली पोळीभाजी किंवा उपमा असे पोटभरीचे खाणे, आणि घरी आल्यावर मऊ भात-वरण किंवा मुगाची खिचडी, तीही थोडी. जळजळ होत असेल तर डाव्या कुशीवर झोपावे. त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या खाली राहते आणि आम्ल वर चढत नाही. वामकुक्षी या शब्दातच डावी कूस आहे, हे इथे आठवावे.

दारूने झोप लागते, टिकत नाही. पहिले दोन-तीन तास गुंगी येते. मग शरीर दारूचा निचरा करू लागते तसे जागेपण परत येते, स्वप्नांच्या झोपेचा क्रम मोडतो, तहान लागते, लघवीला उठावे लागते. घशाचे स्नायू सैल पडून घोरणेही वाढते. झोपेसाठी रोज थोडी घेण्याची सवय सोडताना पहिले काही दिवस झोप आणखी बिघडते. रोज जास्त पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम तोडू नये, जिवाला धोका असतो.

अंथरूण आणि जागेपणाची गाठ कशी सोडवायची

आता सर्वात महत्त्वाचा भाग. झोप आधी कशाने तरी बिघडते: आजारपण, परीक्षा, नोकरी जाणे, घरातला मृत्यू. कारण सरते, पण झोप येत नाही हे चालूच राहते. कारण दरम्यान माणूस एक गोष्ट शिकलेला असतो. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा. महिनोन्महिने रात्री दोन-दोन तास तिथे जागे काढल्यावर उशीला डोके टेकताच मन सावध होते. सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस अंथरुणात जाताच खडबडून जागा होतो, ते यामुळेच.

ही गाठ सोडवण्याची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली. झोप डोळ्यांवर आल्याशिवाय अंथरुणात जायचे नाही. थकवा वेगळा आणि झोप वेगळी. पापण्या जड होणे, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणे, ही झोप. आडवे झाल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठायचे. घड्याळ पाहायचे नाही, अंदाज पुरे. घड्याळ आणि मोबाइल हाताच्या पल्ल्याबाहेर, तोंड भिंतीकडे करून ठेवलेले बरे. उठून मंद उजेडात काहीतरी संथ करायचे: जुने मासिक वाचणे, निवडायला ठेवलेले तांदूळ, विणकाम, नामस्मरण. पुन्हा पेंग आली की परत. एका रात्रीत चार वेळा उठावे लागले तरी चालेल. पहिले आठ-दहा दिवस त्रासाचे असतात आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

एकाच खोलीत चार-पाच जण झोपतात तिथे उठून जायचे कुठे? दुसरी खोली लागतेच असे नाही. ओट्याजवळ एक खुर्ची, दाराशी टाकलेली सतरंजी, चाळीतली गॅलरी यांतली कोणतीही जागा चालते. जागेपण तिथे काढायचे आणि अंथरूण झोपेसाठी राखायचे, एवढाच नेम. गादी गुंडाळता येत असेल तर दिवसा ती गुंडाळूनच ठेवावी. दिवसभर पलंगावर बसून लॅपटॉप, जेवण, फोन चालतो, तिथे ही गाठ घट्ट होत राहते.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करायचा. समजा कुणी दहाला आडवा होतो, साडेसहाला उठतो, आणि प्रत्यक्ष झोप होते सुमारे सहा तास. साडेआठ तासांपैकी सहा, म्हणजे ७० टक्के. सहा तासांची झोप साडेआठ तासांवर पसरली की ती विरळ होते, जागोजागी फाटते, वाटीभर पीठ मोठ्या तव्यावर पसरल्यावर डोसा फाटतो तशी. आठवडाभर वहीत नोंद करून सरासरी झोप काढावी आणि तेवढाच वेळ, फार तर अर्धा तास जास्त, अंथरुणात राहावे. या उदाहरणात रात्री साडेबारा ते सकाळी साडेसहा. साडेपाच तासांच्या खाली जाऊ नये. आठवडाभर त्या वेळेतला ८५ टक्क्यांहून जास्त भाग झोपेत गेला, तर झोपण्याची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा १५. अशा रीतीने महिना-दीड महिन्यात झोप सलग होते आणि मग लांबते.

यात चुका दोन ठिकाणी होतात. माणूस झोपायची वेळ पुढे ढकलतो पण सकाळी जास्त लोळतो. किंवा तिसऱ्याच दिवशी ‘आज फार दमलो’ म्हणून दहाला आडवा होतो. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसा झोप येते, त्या काळात लांबचे ड्रायव्हिंग करू नये. फेफरे, बायपोलर आजार किंवा झोपेत चालण्याची सवय असलेल्यांनी, आणि चालक वा जड यंत्रावर काम करणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

हे दोन उपाय आणि झोपेविषयीच्या धास्तीवर केलेले काम यांच्या एकत्रित उपचाराला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती म्हणतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने दीर्घ निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. आपल्याकडे तो शिकवणारे थोडे आहेत याची खंत वाटते, कारण चिठ्ठीवर गोळी लिहायला एक मिनिट लागतो आणि हे समजावायला एक तास.

डोक्यातल्या काळज्यांसाठी संध्याकाळी सात-आठला दहा मिनिटे वही घेऊन बसावे. उद्याची कामे आणि त्यातले पहिले पाऊल लिहावे: ‘वीजबिल, उद्या जेवणाच्या सुटीत भरणे’. लिहिलेले काम मन रात्री पुन्हा पुन्हा उगाळत नाही.

घरचे उपाय: कशात दम आहे

तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने चोळणे, हा आपला जुना उपाय. त्यामागे शरीरशास्त्राचा आधार आहे. झोप लागताना शरीराच्या आतले तापमान उतरू लागते आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. तळपायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावून पाय उबदार झाले की झोप लवकर लागते, हे प्रयोगांत दिसले आहे. चोळण्याने नेमके तेच होते. वाटी चोळताना तळवे काळे पडतात ते काशाच्या धातूमुळे, अंगातली ‘घाण’ निघते म्हणून नव्हे. दहा मिनिटे पुरे, आणि नंतर पाय पुसून मगच उठावे, फरशीवर घसरायला होते. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी वाटी जोराने घासू नये.

गरम पाण्याची अंघोळ याच तत्त्वावर चालते. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी, ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याने दहा मिनिटे. अंघोळ करून लगेच आडवे झाले तर अंग तापलेलेच असते आणि उपयोग होत नाही.

गरम दुधात ट्रिप्टोफॅन असते, त्यापासून मेलाटोनिन बनते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण पेलाभर दुधात ट्रिप्टोफॅन साधारण १०० मिलिग्रॅम असते आणि प्रयोगांत वापरलेली मात्रा त्याच्या दहापट वा जास्त. दुधाचा लाभ बहुधा पोटाच्या उबेचा आणि रोजच्या ठरलेल्या क्रमाचा असावा. तोही लाभच आहे. दूध सोसत असेल तर जरूर घ्या, साखर न घालता, झोपण्याच्या तासभर आधी.

जायफळाबाबत मात्र जपावे. सहाणेवर दोन-तीन वेढे किंवा चिमूटभर पूड, याच्या पुढे जाऊ नये. जायफळात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. पाच ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक अख्खे जायफळ पोटात गेले, तर धडधड, मळमळ, तोंडाला कोरड, भ्रम अशी विषबाधा होऊ शकते आणि ती दिवसभर टिकते. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला झोपवण्यासाठी जायफळ उगाळून चाटवणे बंद करावे. त्याच्या वजनाला किती मात्रा सोसेल याचा अंदाज सहाणेवर येत नाही.

अश्वगंधाच्या छोट्या चाचण्यांत झोपेत थोडी सुधारणा दिसली आहे, बहुधा रोज ३०० ते ६०० मिलिग्रॅम अर्क काही आठवडे घेतल्यावर. पण ती वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात, थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना ती वैद्य-डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

परदेशातून येणारे नातेवाईक मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांची बाटली घेऊन येतात. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतल्या २२ वरचा मात्रेचा आकडा चुकीचा निघाला. मेलाटोनिनचा खरा उपयोग घड्याळ सरकवण्यासाठी आहे: पुण्याहून न्यू जर्सीला गेल्यावर, किंवा ज्याला रोज पहाटे तीनलाच झोप येते अशा तरुणाला. तिथेही अर्धा ते तीन मिलिग्रॅम पुरतात आणि मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. अंथरुणात तळमळण्याच्या सवयीवर ते फारसे चालत नाही.

मोबाइल, घड्याळाचे गुण आणि ‘आठ तास’

मोबाइलचा निळा उजेड मेलाटोनिन दाबतो हे खरे, पण त्याचा बाऊ जास्त झाला आहे. झोपण्याआधी सलग चार तास टॅबलेटवर वाचणाऱ्यांना झोप लागायला छापील पुस्तकापेक्षा सरासरी दहाच मिनिटे जास्त लागली, असे २०१४ च्या एका प्रयोगात दिसले. मोठे नुकसान पडद्यावरच्या मजकुराने होते. ऑफिसच्या ग्रुपवरचा साहेबांचा निरोप, बातम्यांवरची भांडणे, संपतच नाहीत असे छोटे व्हिडिओ. त्यामुळे पिवळसर पडद्याची सोय लावून रील पाहत राहण्यात अर्थ नाही. फोन दुसऱ्या कोपऱ्यात चार्जिंगला लावावा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणावे.

मनगटावरचे घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधते. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, हे ते बरे सांगते. ‘गाढ झोप ४२ मिनिटे’ हा आकडा मात्र मनावर घेऊ नये. झोपेचे टप्पे खात्रीने मोजायला मेंदूतल्या विद्युतलहरी टिपाव्या लागतात. सकाळी कमी गुण पाहून दिवसभर थकल्यासारखे वाटणारे लोक इतके वाढले, की डॉक्टरांनी २०१७ मध्ये त्या धास्तीला वेगळे नावही दिले.

आठ तास हा नियम नाही. प्रौढांना निदान सात तास हवेत, कुणाला नऊ. सत्तरीत झोप हलकी होते, लवकर येते, पहाटे लवकर मोडते. रात्रीतून एक-दोनदा जाग येणे हे कोणत्याही वयात स्वाभाविक आहे, कारण झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत येते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी ती पृष्ठभागाजवळ असते. दिवसा बसल्या जागी पेंग येत नाही, काम नीट होते, तर झोप पुरेशी आहे.

उकाडा, डास, आवाज

विदर्भाच्या मे महिन्यात आणि मुंबईच्या ऑक्टोबरात शरीराला आतली उष्णता बाहेर टाकायलाच वाव नसतो. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. दमट किनारपट्टीवर तो दमटपणा वाढवतो, तिथे पंख्याचा थेट झोत बरा. एसी असेल तर २४ ते २६ अंश आणि पंखा हळू, एवढे पुरते. मच्छरदाणी ही धुराच्या कॉइलपेक्षा दहा पटींनी चांगली, बंद खोलीत रात्रभर जळणारी कॉइल छातीला वाईट.

आवाजाबाबत कायदा तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सणांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, त्यापलीकडे नाही. तक्रार ११२ वर करता येते. त्या रात्रीपुरते कानात फोमचे बोळे घालावेत: बोटांत पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते टेकवले तर आवाज थांबत नाही.

घरचे उपाय पुरत नाहीत तेव्हा

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखे दचकणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा गाडी चालवताना डुलकी: ही झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची लक्षणे आहेत. ती स्वतःला कळत नाहीत, शेजारी झोपणाऱ्याला कळतात. बारीक माणसालाही हा आजार होतो, आणि उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो. अशा रुग्णाला झोपेची गोळी देणे धोक्याचे. आधी झोपेची तपासणी करावी, ती आता घरीही होते.

रात्री पायांत किडे चालल्यासारखी वळवळ होऊन पाय हलवत राहावेसे वाटते, त्यांनी रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, तपासावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, आणि या तक्रारीत तो ७५ च्या खाली असला तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागत असेल, तर साखर आणि प्रोस्टेट पाहावे, आणि रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का ते विचारावे. पहाटे लवकर जाग येऊन मन काळवंडलेले असणे, कशातच गोडी न वाटणे, हे नैराश्य असू शकते. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नये, १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही विनाशुल्क बोलता येते.

झोपेची गोळी महिनोन्महिने चालू असेल तर ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये. झोप पूर्वीपेक्षा वाईट होते, काहींना झटकेही येतात. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडूनच ती आठवड्या-आठवड्याने उतरवून घ्यावी.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले, तर तो दीर्घ निद्रानाश समजतात आणि डॉक्टरांकडे जायलाच हवे. जाताना दोन आठवड्यांची वही सोबत न्या. रोज सकाळी दोन मिनिटांत अंदाजानेच लिहायचे: अंथरुणात केव्हा गेलो, झोप साधारण केव्हा लागली, किती वेळा जाग आली, शेवटची जाग केव्हा, उठलो केव्हा, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा किती वाजता, कोणती गोळी घेतली. ‘झोपच येत नाही’ या एका वाक्यावरून डॉक्टरांच्या हाती फार थोडे लागते. या चौदा ओळींवरून टाकी रिकामी आहे, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आहे की तिसरेच काही आहे, हे त्यांना तिथल्या तिथे दिसते.